शिवडीचा बाक, मंडालेचं लाकूड

सोसायटीच्या कंपाउंडमध्ये एक लाकडी बाक करायचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना लाकडाच्याच पेट्या जोडून त्यात झाडं लावायची, असा ठराव शिवडीतल्या आमच्या सोसायटीत एकमताने पास झाला. ठराव पास होणं सोपं असतं. भांडण सुरू झालं ते लाकडावरून. एकाने मरीन प्लाय सुचवलं, दुसऱ्याने लोखंडी चौकट आणि वर फळ्या. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा मीटिंगमध्ये एरवी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "शिवडीत राहून लाकूड कुठलं काय विचारता? सागच!"

शिवडीत राहून म्हणजे काय? या दोन शब्दांच्या नादात माझे चार वीकेंड गेले. (ऑफिसमधला रिलीज त्याच सुमारास होता, पण त्याबद्दल न बोललेलं बरं.) त्या चार वीकेंडांत जे हाती लागलं ते इथे मांडतोय. मंडळी, लेख लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी ही बाक-अधिक-पेटी भानगड. परदेशी कॅटलॉगमध्ये ती नवीन शोध लावल्यासारखी विकतात. आपल्याकडे तिला पार म्हणतात. वडाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोवती दगडी कठडा, आत माती, आणि कठड्यावर गावातली रिकामी माणसं. बसण्याची जागा आणि झाडाची जागा एकच. गिरगावातल्या वाड्यांतून, लालबाग-परळच्या चाळींच्या चौकातून असे पार होते, काही अजून आहेत. लाकडी बाक मात्र आपला नव्हे. आपण ओट्यावर, ओसरीवर, फार तर झोपाळ्यावर बसणारे लोक. बिजागरी, बालदी, पिंप हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि 'बाक'ही त्याच घरातला मानतात. थोडक्यात, आम्ही करणार होतो तो फिरंगी लाकडात केलेला मराठी पार.

आता इंजिनिअरिंगचा थोडा भाग. लाकूड आणि ओली माती यांचं वैर आहे. पेटीत माती भरली की ती बारा महिने ओली राहते. लाकडाला ओल, हवा आणि उष्णता तिन्ही एकदम मिळाली की बुरशी लागणार, आणि मुंबईत हे तिन्ही फुकट. त्यात वाळवी. दुसरी गोष्ट वजनाची. आतून दीड फूट लांब, रुंद आणि खोल अशी पेटी घेतली तर तिच्यात ९५ लिटर माती बसते. भिजल्यावर तिचं वजन साधारण दीडशे किलो. दोन पेट्या म्हणजे तीनशे, वर तीन माणसं बसली की अर्धा टन झाला. म्हणून 'कंपाउंडमध्ये नको, गच्चीवर ठेवू' म्हणणाऱ्यांना मी कडाडून विरोध केला. लोकांची ये-जा असणारी गच्ची दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भाराच्या हिशोबाने बांधलेली असते. ही पेटी तेवढ्याच जागेवर सहाशेच्या वर भार टाकते. चाळीच्या लाकडी गॅलरीचं तर नावच काढू नका.

तर ओल, वाळवी आणि वजन या तिन्हींना पुरून उरेल असं लाकूड हवं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं असतात आणि टेक्टोक्विनोन नावाचं एक रसायन असतं, त्याच्यामुळे वाळवी आणि बुरशी लांब राहतात. पाणी लागून सुकलं तरी साग फारसा फुगत-आकसत नाही. आणखी एक गुण आहे, तो कमी लोकांना ठाऊक असतो. ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही काळं पडून कुजतं. सागात ठोकलेला खिळा शांत बसून राहतो. ही एवढीशी गोष्ट. पण तिच्यापायी जंगलंच्या जंगलं गेली आणि एका राजाला राज्य सोडून रत्नागिरीला यावं लागलं. तिथे पोचूच. त्याआधी झाडांबद्दल, कारण शिवडीत लाकडाच्या आधी बाग आली.

१८३० साली मुंबईत ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था निघाली. तिला सरकारने १८३५ मध्ये शिवडीला मोठी जमीन दिली, वनस्पती-बाग करण्यासाठी. तेव्हा शिवडी म्हणजे मुंबई बेटाचं पूर्वेकडचं टोक. १६८० चा छोटासा किल्ला, कोळ्यांची वस्ती, मिठागरं आणि चिखल. इथे बाहेरची झाडं आणून जगतात का ते बघायचं, असा उद्योग. पंचवीसेक वर्षं तो चालला. मग गावातल्या जुन्या दफनभूमी भरल्या, गोऱ्या साहेबांना नवी जागा हवी झाली आणि सरकारची नजर या बागेवर गेली. १८६१ मध्ये बाग बंद झाली. संस्थेला भायखळ्याला जागा मिळाली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तिथल्या नव्या बागेचं उद्घाटन गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते झालं. ती व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे आपली राणीची बाग, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लहानपणी हत्ती बघायला आपण सगळे जिथे गेलो, त्या बागेचं मूळ शिवडीत आहे, आणि शिवडीकरांना त्याचा पत्ताच नाही!

शिवडीच्या बागेच्या जागी १८६५ मध्ये ख्रिश्चन दफनभूमी झाली. म्युनिसिपल कमिशनर होता आर्थर क्रॉफर्ड, तोच, मंडईवाला. आज तिथे व्हीटी स्टेशनचा आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आहे आणि गेटवे ऑफ इंडियाचा जॉर्ज विटेटही. मुंबईचा अर्धा पिक्चर पोस्टकार्डाचा संच ज्यांनी उभा केला ते दोघेही एका जुन्या बागेच्या मातीत. आत गेलात तर वर बघा, झाडं दाट आहेत. पण ती बघायला मुद्दाम जावं लागतं, कारण बसायची बाग म्हणून ती जागा शिवडीला परत मिळाली नाही.

बाग गेली. आता लाकूड.

लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार-जहाजबांधणीकार १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि पुढची दीडशे वर्षं त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. सगळी सागाची, मलबारच्या किनाऱ्यावरून आणलेल्या. नेपोलियनशी लढताना इंग्लंडचे ओकवृक्ष अपुरे पडायला लागले तेव्हा ब्रिटिश नौदलाने मुंबईला ऑर्डरी दिल्या. १८१३ ची 'कॉर्नवॉलिस' घ्या. मुंबईत बांधलेल्या या जहाजावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग चीनच्या हातून गेलं. पुढे १८६५ पासून इंग्लंडात शीअरनेसला ती धक्का म्हणून पाण्यात उभी राहिली, आणि ती मोडली कधी? १९५७ मध्ये! १४४ वर्षं त्या सागाने खाऱ्या पाण्यात काढली. १८१७ ची 'ट्रिंकोमाली' तर अजून तरंगते आहे, इंग्लंडात हार्टलपूलला. तिकडे जाणं झालं तर तिकीट काढून मुंबईचं सुतारकाम बघता येतं. आपल्याकडे गोदीत आत सोडत नाहीत.

आणि आता बाकाचा खरा इतिहास. लाकडी युद्धनौका निकामी झाल्या तेव्हा त्या मोडणारे व्यापारी लंडनला होते. त्यातले कॅसल हे सगळ्यात नावाजलेले. त्यांचं दुकान थेम्सकाठी मिलबँकला, दारावर जुन्या जहाजांचे भलेमोठे लाकडी पुतळे. जहाज मोडल्यावर निघालेल्या सागाचं करायचं काय? तर त्यांनी बागेतले बाक, खुर्च्या, टेबलं बनवायला सुरुवात केली. प्रत्येक वस्तूवर पितळेची छोटी पट्टी, कुठल्या युद्धनौकेचं लाकूड ते सांगणारी. इंग्रज गृहस्थ रविवारी दुपारी गुलाबांच्या ताटव्याशेजारी चहा प्यायचा तो तोफांच्या डेकवर बसून. सागाच्या बागबाकाची फॅशन इंग्लंडात रुजली त्यात या मोडीच्या लाकडाचा मोठा हात आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून मिलबँकचं ते आवार गेलं. मुंबईत १८२१ मध्ये बांधलेली 'गँजेस' १९३० मध्ये प्लिमथला मोडली. तिच्या कप्तानाची केबिन डेव्हनच्या किनाऱ्याजवळ बर्ग आयलंडवरच्या हॉटेलात बसवलेली आहे.

या सगळ्याची किंमत मलबारने दिली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या एका पोलीस अधिकाऱ्याला तिथे जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमलं. नाव संरक्षकाचं, काम उलटं. पुढच्या वर्षी सागावर कंपनीचा हक्क जाहीर झाला, जंगलाच्या मालकांना स्वतःचं झाड तोडता येईना. लोक इतके वैतागले की १८२३ मध्ये मन्रोने ते पदच रद्द केलं. तोवर हाताशी येणारा मोठा साग संपत आला होता. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनॉली आणि त्याचा सहकारी चातू मेनन यांनी निलांबूरला साग लावायला घेतला. जगातल्या सागाच्या सगळ्यात जुन्या लागवडींपैकी ती एक. मुंबई इलाख्याने १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सनला जंगलांवर नेमलं. हा गिब्सन पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. बागेचा माणूस जंगलावर, हे मला तरी शहाणपणाचं वाटतं.

इथे एक आडवळण घेतोच. आरमारासाठी झाडं तोडताना काय पाळावं, हे मराठीत त्याच्या शंभरेक वर्षं आधी लिहून ठेवलेलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. साग वगैरे लागेल तो परवानगीने तोडावा, जास्त लागला तर परमुलखातून विकत आणावा. आंबा-फणसही कामाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. व्हॉट्सॲपवर हा मजकूर शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतो. ते बरोबर नाही. धोरण महाराजांच्या काळापासूनचं असू शकतं, पण ग्रंथ नंतरचा, कोल्हापूरच्या गादीचा. फॉरवर्ड करण्याआधी एवढं बदला म्हणजे झालं. मला त्यातली गंमत वाटते ती वेगळीच. राज्याला जहाज हवं आहे, लाकूड समोर उभं आहे, आणि तरी झाडाचा मालक कोण हा प्रश्न विचारला जातोय. वॉटसनसाहेबाने तो विचारला नाही.

मलबार आटल्यावर सगळ्यांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. १८६३ मध्ये मुंबईत वॉलेस बंधूंनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढली. तिकडे लाकूड कसं निघायचं ते ऐकण्यासारखं आहे. ताजा साग पाण्यात बुडतो. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याला कड्यासारखी खोल खाच पाडायची, खालून येणारं पाणी तोडायचं. झाड उभ्या-उभ्या मरतं आणि दोन-तीन वर्षं तसंच सुकत राहतं. मग ते पाडायचं, हत्तींनी ओढून ओढ्यापर्यंत न्यायचं, पावसाळ्याची वाट बघायची, आणि पूर आला की इरावतीतून रंगूनपर्यंत सोडून द्यायचं. जंगल ते बंदर या प्रवासाला कधी कधी वर्षं लागायची. आपल्याला दोन दिवसांत डिलिव्हरी नाही आली तर आपण कस्टमर केअरला फोन लावतो!

१८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने आरोप ठेवला की कंपनीने जितके ओंडके नेले तितक्यांचं शुल्क भरलं नाही. दंड ठोकला, सुमारे २३ लाख रुपये. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. लढाई निव्वळ ओंडक्यांवरून झाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. थिबा राजा फ्रेंचांशी बोलणी करत होता आणि लंडनला त्याची जास्त धास्ती होती. पण ऑक्टोबरात कलकत्त्याहून जो निर्वाणीचा खलिता गेला त्यात कंपनीचा तंटा होताच. नोव्हेंबर संपेपर्यंत मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश खालसा झाल्याचं जाहीर झालं. राजाला आधी मद्रासला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं.

बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवलं होतं, आता रंगूनकडचा राजा कोकणात. देवाणघेवाण पूर्ण. थिबा तीस वर्षं रत्नागिरीत राहिला. सरकारने त्याच्यासाठी वाडा बांधला तो १९१० मध्ये पुरा झाला, म्हणजे राजा तोवर चोवीस वर्षं भाड्याच्या घरात. त्या वाड्यातही, अर्थातच, ब्रह्मी साग. वरच्या मजल्यावरून समुद्र आणि भाट्याची खाडी दिसते. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला. कुटुंब १९१९ मध्ये परत गेलं. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली, कारण तिचं मन वाड्यावरच्या एका मराठी नोकरात गुंतलं होतं. त्यांची मुलगी, म्हणजे शेवटच्या ब्रह्मी राजाची नात, आयुष्यभर रत्नागिरीत राहिली, मराठी बोलली, आणि गरिबीत संसार केला. आंबे आणायला रत्नागिरीला गेलात तर थिबा पॅलेस बघून या. तिथे तासभर फिरताना आपल्या घरातल्या आजीच्या सागवानी कपाटाकडे पुन्हा त्याच नजरेने बघता येणार नाही असं मला वाटलं.

आता शिवडीला परत. समुद्रातून आलेले हे ओंडके मुंबईत उतरवून ठेवायचे कुठे? उन्हात ठेवले तर तडकतात, कीड लागते. पाण्यात बुडालेल्या ओंडक्याला तडा जात नाही. म्हणून पोर्ट ट्रस्टने शिवडीच्या किनाऱ्याला टिंबर पाँड केलं, लाकडाचं तळं. खाली रे रोडकडे लाकडी बंदर. हार्बर लाईन १९१० मध्ये रे रोडपर्यंत आली, पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली, आणि हा पट्टा कापूस, कोळसा, धान्य आणि लाकडाचा झाला. गिरगाव-परळच्या चाळींचे खांब, जिने, गॅलऱ्यांचे कठडे, गिरण्यांच्या छपरांच्या कैच्या, यांतला बराच ब्रह्मी साग याच किनाऱ्याने शहरात शिरला. १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो ओघ तुटला. आजोबांच्या 'शिवडीत राहून' या दोन शब्दांत हे सगळं होतं. त्यांनी लहानपणी त्या तळ्यातले ओंडके पाहिलेले होते.

(बॉम्बे बर्मा ही कंपनी आज आहे, आणि आहे कुणाची? वाडिया ग्रुपची. जहाजवाल्या लवजींचेच वारस. मला हे वाचून खुर्चीतून उठून एक फेरी मारावी लागली.)

देशी सागाचीही बाजू बघायला हवी, कारण 'बर्मा नको, आपला घ्या' हा सल्ला सगळे देतात. १८७८ च्या फॉरेस्ट ॲक्टने जंगलं सरकारी राखीव झाली. ठाणे-कुलाब्यातले वारली, ठाकूर, कातकरी ज्या रानात राबायचे, सरपण आणायचे, ते रात्रीत परकं झालं. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, १८८३ साली, जंगल खात्याने गरिबांची गुरं चारायची रानं गिळली म्हणून सरकारला झोडपलं आहे. एरवी इंग्रजी राज्याचं चांगलं ते मान्य करणारा माणूस इथे अजिबात दयामाया दाखवत नाही. आज मिस्त्री ज्याला 'सीपी' म्हणतात तो साग म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा. प्रांताचं नाव पुसून किती वर्षं झाली, लाकडाच्या वखारीत अजून चालतं. 'बल्लारशा' म्हणजे चंद्रपूरकडचा, तो मानाचा. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड तिथूनच वाजतगाजत गेलं. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. बाजारात 'बर्मा' म्हणून नवीन ओंडका दाखवला तर पावती नीट बघा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा सागही भरपूर येतो. वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या त्या झाडात गाभा कमी आणि बाहेरचा पांढरट भाग जास्त. पांढरट भाग वाळवीला साध्या आंब्याइतकाच गोड लागतो. साग म्हणून पैसे द्यायचे आणि आंब्याचे गुण घ्यायचे.

म्हणून मी जुन्या लाकडाचा पक्ष घेतला. शिवडीच्या दक्षिणेला दारूखाना आहे. तिथे अनेक दशकं जहाजं मोडत आली. सगळ्यात गाजलेलं म्हणजे आयएनएस विक्रांत. १९७१ च्या युद्धातली ही विमानवाहू नौका म्युझियम करायची म्हणून वर्षानुवर्षं चर्चा झाली, पैसे काही उभे राहिले नाहीत, आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्याला तिच्यावर गॅस कटर चालला. तिच्या पोलादाचा काही भाग घेऊन बजाजने २०१६ मध्ये 'व्ही' नावाची मोटरसायकल काढली. पेट्रोलच्या टाकीवर विक्रांतचं नाव. लंडनच्या कॅसलचा बाक आणि पितळी पट्टी आठवली का? तीच आयडिया, शंभर वर्षांनी. जहाज वाचवता आलं नाही की आपण त्याची आठवण विकत घेतो. मला यात बाक जास्त प्रामाणिक वाटतो, निदान त्यावर बसून काही वेळ गप्प राहता येतं. पण हे मत झालं. दारूखान्यात हे काम ज्यांनी हाताने केलं, ॲस्बेस्टॉसच्या धुळीत, पडणाऱ्या पत्र्यांखाली, त्यांच्या नावाची पट्टी कुठल्याच टाकीवर नाही.

जुना साग मात्र आता जहाजांतून येत नाही, जहाजं कधीच लोखंडाची झाली. तो येतो चाळींतून. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, मग जमिनी विकल्या गेल्या, आणि लालबाग-परळमध्ये पाडकाम सुरू झालं. गिरणीची कैची, चाळीचा खांब, जिन्याची झिजलेली पायरी, सगळं घनफुटाच्या भावाने वखारीत येतं. आम्ही बघितलेल्या एका खांबावर पेन्सिलीने उंचीच्या खुणा होत्या, एकाखाली एक, पोरांची वाढ मोजलेली. मिस्त्रींनी त्यावर नख घासून बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "अस्सल बर्मा. रंधा मारला की नवं." तो खांब आम्ही घेतला. खुणा असलेली बाजू रंधली नाही, ती बाकाच्या पाठीमागे ठेवायची ठरलं. यावर मात्र सोसायटीत भांडण झालं नाही.

झाडांच्या पेटीबद्दल शिवडीने एक गोष्ट जगाला, निदान मुंबईला, दिली आहे, ती सांगायची राहिली. १९३२ मध्ये शिवडीला हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या कारखान्यात वनस्पती तूप बनायला लागलं, १९३४ च्या ऑक्टोबरात शेजारीच लिव्हरचा साबण. १९३७ मध्ये तुपाचं नाव ठेवलं डालडा. आयात करणाऱ्या 'दादा' कंपनीच्या नावात लिव्हरचा 'एल' घुसवून ते झालं असं सांगतात. पिवळा डबा, वर हिरवं ताडाचं झाड. तूप संपलं की डब्याच्या बुडाला खिळ्याने तीन भोकं पाडायची, माती भरायची आणि गॅलरीच्या कठड्यावर तुळस. वृंदावनाला जागा नसलेल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत दोन-तीन पिढ्यांची तुळस, कोरफड आणि ओवा या डब्यांत वाढला. ताडाच्या चित्राच्या आत खरं झाड. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने पंचवीस वर्षांत शिवडीत जेवढी झाडं लावली असतील, त्याच्या कितीतरी पट शिवडीच्या डब्यांनी मुंबईभर लावली, असा माझा दावा आहे. पुरावा मागू नका, आजीला विचारा.

डब्याची युक्ती आम्ही बाकाला जशीच्या तशी वापरली. लाकडी पेटी म्हणजे नुसता बाहेरचा कोट, माती तिच्यात भरायचीच नाही. आत प्लास्टिकचा वेगळा टब, त्याच्या बुडाला भोकं, आणि टब आणि लाकूड यांच्यात चहूबाजूंनी बोटभर मोकळी जागा, वारा खेळायला. पेटीचं बुड सलग फळीचं नाही, पट्ट्यांचं, म्हणजे पाणी अडत नाही. पेट्यांचे पाय आणि बाकाचे पाय एकच, त्यामुळे मातीचं वजनच बाकाला खाली धरून ठेवतं आणि टोकाला जाड माणूस बसला तरी दुसरं टोक उचलत नाही. बसायची उंची सतरा इंच. सोळा पोरांना बरी, पण गुडघे दुखणाऱ्यांना उठताना तो एक इंच कळतो. जोड खिळ्यांचे नाहीत, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, वर पितळेचा स्क्रू. पाय जमिनीला टेकतात तिथे दगडाचे तुकडे. जुनं लाकूड रंध्याखाली घालण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवायचं. आमच्या त्या एका खांबातून एकोणतीस खिळे निघाले, आणि सागाचा गुण बघा, त्यातले बरेचसे अजून सरळ करून वापरण्यासारखे होते.

एका पेटीत तुळस लावली आहे, दुसरीत अबोली. खाडीकडून खारं वारं येतं, त्यात नाजूक काही टिकत नाही. वॉर्निश लावायचं नाही असं मिस्त्रींनी बजावलंय. पावसात ते पापुद्र्यांनी निघतं. नुसता सोडला तर साग दोन-तीन वर्षांत राखाडी होतो, आणि तो रंग त्याला शोभतो. फक्त पहिल्या पावसात रंधलेल्या लाकडातून तपकिरी पाणी उतरतं आणि खालच्या लादीवर डाग पडतात, तेव्हा जूनमध्ये दर रविवारी लादी घासायची. यादी नोटीस बोर्डावर लावली आहे. पहिला रविवार माझा.